प्लेगशी झुंज देणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन

सर्पदंशावरील औषध म्हटले की महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या माणसालाही परळच्या हाफकिन संस्थेची आठवण होते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? हा माणूस ना इंग्रज होता, ना हिंदी. तो रशियातून आला, फ्रान्समध्ये शिकला, मुंबईत स्वतःच्या शरीरावर प्लेगची लस टोचून घेऊन उभा राहिला आणि शेवटी एका बाटलीपायी दोषी ठरवला गेला. त्या बाटलीत जंतू कोठे शिरला आणि केव्हा शिरला, या एका प्रश्नावर त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध अवलंबून राहिला. त्या थोर शास्त्रज्ञाचा हा अल्प परिचय.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. घराणे ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. पण तो काळ ज्यूंना कठीण होता. १८८१ मध्ये ज्यूविरोधी दंगली उसळल्या तेव्हा हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होते. त्यात ते जखमी झाले, पकडलेही गेले आणि गुरूच्या मध्यस्थीने सुटले. पुढे पदवी मिळाली, परंतु धर्म बदलल्याशिवाय प्राध्यापकाची जागा मिळण्यासारखी नव्हती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, जागेवरच पाणी सोडले. काही वर्षे त्यांनी प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले आणि १८८८ मध्ये मायदेश सोडून ते स्वित्झर्लंडला गेले.

१८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉफ तेथे आधीच पोहोचले होते. पण जागा शिल्लक होती ती ग्रंथालयातली. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू त्यांनी अभ्यासासाठी निवडला. प्राण्यांवर लसीचा गुण दिसून आला तेव्हा १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. मगच त्यांनी इतरांना टोचण्यास प्रारंभ केला. हा नियम त्यांनी जन्मभर पाळला.

लस तयार झाली, पण तिची परीक्षा घ्यायची ती जेथे पटकी दरसाल येते तेथेच. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. लोक संशयाने पाहत, काही ठिकाणी दगडही पडले. तरी कलकत्त्याच्या बस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत ते हिंडले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका बस्तीत सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या बस्तीत पटकी आली ती न टोचलेल्यांतच. या धावपळीत त्यांना स्वतःला हिवतापाने गाठले आणि १८९५ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना युरोपात जावे लागले. पण ते लवकरच परत आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता रोग पसरला. काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. सरकारने रोग्यांना वेगळे काढून रुग्णालयांत नेण्याचा आणि घरे धुऊन काढण्याचा सपाटा लावला. कार्बोलिकचे पाणी, चुन्याची सफेदी, अंथरुणा-पांघरुणांची होळी असा प्रकार घरोघर सुरू झाला. पुण्यात या मोहिमेतील अत्याचारांनी लोकक्षोभ इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः त्याच रोगाला बळी पडल्या. रोगी वेगळा काढला की त्याच्याजवळ जाणाऱ्याने काय जपावे आणि रोग नेमका कशातून येतो, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते.

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. दिमतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगचा जंतू वाढवण्यास घेतला. मांसाच्या काढ्यात ते जंतू वाढवीत. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी गाय व डुक्कर वर्ज्य करून बकऱ्याचे मांस वापरले. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ त्या थेंबांपासून खाली लोंबू लागे, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी. बाटली हलवली की ती वाढ तळाशी बसे आणि नवी सुरू होई. काही आठवड्यांनी हे सारे जंतू उष्णतेने मारून त्यांचीच लस करीत. आपल्या स्वयंपाकघरातले तूप जंतुशास्त्राच्या कामी यावे, ही मोठी गमतीची गोष्ट वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा होती १० सी.सी., पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेहून कितीतरी अधिक. ताप भरला, जागा सुजली, तरी त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले, निम्मे तसेच राहिले. दोघांचे अन्न एक, भिंती एक, हवा एक. फरक फक्त लसीचा. टोचलेल्यांत रोग कमी दिसला आणि मृत्यू न टोचलेल्यांत झाले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हाफकिन आवडावेत याचे कारण त्यांची हिशेबी वृत्ती. लस गुणकारी आहे असे नुसते म्हणणे त्यांना मान्य नव्हते. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू शेजारीशेजारी मांडून फरक दाखवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. याचे उत्तम उदाहरण आमच्या गुजरातेतले आहे. बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत प्लेग होता. तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचण्यात आले. टोचलेले ५१३, न टोचलेले ४३७. पुढे टोचलेल्यांपैकी ८ जण आजारी पडून ३ वारले आणि न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडून २६ वारले. प्रमाण काढले तर पहिल्या गटात हजारी सुमारे ६ मृत्यू आणि दुसऱ्या गटात हजारी सुमारे ६०. एकाच घरातील, एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे होती, म्हणून हा ताळा पक्का. त्याच वर्षी धारवाड जिल्ह्यातील हुबळी येथे हजारो लोकांनी लस घेतली. आपल्या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्या मित्रांना ही गोष्ट जवळची वाटेल. मुंबईत आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले आणि आपल्या खोजा समाजातील हजारो लोकांना पुढे केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. पुढे १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

येथवरचे चरित्र यशाचे आहे. पुढचे मात्र तसे नाही.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. तेथील सरकारने लसीची फार मोठी मागणी केली. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत होईना. म्हणून हाफकिन यांनी जलद पद्धत स्वीकारली आणि लसीत कार्बोलिक आम्ल घालणेही बंद केले, कारण जंतू मारण्यास उष्णता पुरेशी आहे असे त्यांचे मत होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आले. आठवडाभरानंतर त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. उरलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही. तपास करता दिसून आले की हे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

एकोणीस माणसे गेली. ज्यांच्या घरची ती होती त्यांनी विश्वासाने दंड पुढे केला होता. या दुःखाचे मोल कोणत्याही वादाने कमी होत नाही. पण दोष कोणाचा, हा प्रश्न उभा राहिलाच. बाटली परळला भरली गेली होती, टोचणीच्या ४१ दिवस आधी. धनुर्वाताचा जंतू तिच्यात तेव्हाच शिरला, की गावात ती उघडताना शिरला?

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी मंडळ नेमले गेले. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, ती दूषित झाली, असा त्या मंडळाने निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. ज्या इमारतीत त्यांनी लस केली तिचे दरवाजे त्यांना बंद झाले आणि ते युरोपात परतले. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते.

चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे गेले. त्या दिवशी गावात बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, ज्योतीवर तापवला नाही, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानेच ५३-एन चे बूच काढले. धनुर्वाताचे बीज मातीत, विशेषतः गुराढोरांच्या वावराच्या जमिनीत, असते आणि ते फार चिवट असते. कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाही.

दुसरा पुरावा वासाचा. धनुर्वाताचा जंतू बाटलीत ४१ दिवस वाढला असता तर बूच काढताच दुर्गंधी यायला हवी होती. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे बाटली उघडताच हुंगली होती आणि वास आलेला नव्हता. तिसरा पुरावा काळाचा. बाटलीत विष आधीच तयार असते तर रोगाची लक्षणे फार लवकर दिसली असती. ती आठवडाभराने दिसली. याचा अर्थ जंतू बाटलीत नुकताच शिरला होता आणि त्याची वाढ रोग्यांच्या शरीरात झाली.

आमच्या हिशेबतपासणीच्या अभ्यासात एक गोष्ट पुनःपुन्हा शिकवली जाते. चूक सापडली म्हणजे काम संपत नाही. ती कोणत्या वहीत, कोणत्या तारखेला, कोणाच्या हातून शिरली हे दाखवता आले पाहिजे. तोपर्यंत दोषारोप करणे म्हणजे अंदाज करणे. ५३-एन च्या चौकशीत चूक सापडली, पण तिची तारीख चुकीची लावली गेली आणि त्याचा भुर्दंड एका माणसाला पडला.

त्या माणसाच्या बाजूने लढायला उभे राहिले सर रोनाल्ड रॉस. सिकंदराबादेत १८९७ मध्ये डासांच्या शरीरात हिवतापाचे जंतू शोधून काढणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते रॉस. त्यांनी व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्स पत्रातून हाफकिन यांना न्याय देण्याची मागणी केली. लंडनच्या लिस्टर संस्थेचा अभिप्रायही हाफकिन यांच्या बाजूचा होता. अखेर १९०७ मध्येच सरकारने त्यांच्यावरील ठपका दूर केला. पाच वर्षे झाली होती.

या काळात परळच्या त्याच प्रयोगशाळेत आणखी एक महत्त्वाचे काम झाले, पण ते पाहायला हाफकिन तेथे नव्हते. १९०५ पासून तेथे प्लेगच्या प्रसाराची कसून तपासणी चालू होती. रोग्याच्या घरातील जमीन रोग पसरवते काय, हा एक प्रश्न होता. त्यासाठी आपल्याकडे असतात तशा दोन प्रकारच्या जमिनी केल्या. एक शेणाने सारवलेली, दुसरी चुन्याची. त्यांवर प्लेगचे जंतू मुद्दाम पसरले आणि ठरावीक तासांनी प्राण्यांवर परीक्षा घेतली. शेणाची जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची २४ तासांनंतर निर्धोक ठरली. म्हणजे ज्या जमिनी धुण्यासाठी पुण्या-मुंबईत घरे उपसली गेली, त्या जमिनींत रोग फार वेळ टिकत नव्हता. खरा वाहक होता उंदरावरची पिसू. फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनी १८९८ मध्येच ते सांगितले होते, परळच्या प्रयोगांनी ते पक्के केले.

हाच प्रश्न २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने पुन्हा उभा केला. सिंगापूरमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या रोग्यांच्या खोल्यांची तपासणी झाली. खाटेचे कठडे, दिव्याची बटणे, दाराच्या मुठी असे पृष्ठभाग ओल्या बोळ्याने पुसून त्यांवर विषाणूच्या खुणा आहेत का ते पाहिले. सफाईपूर्वी तपासलेल्या एका खोलीत १५ पैकी १३ ठिकाणी खुणा सापडल्या. सफाईनंतर तपासलेल्या दोन रोग्यांच्या खोल्यांत एकही सापडली नाही. यातून साध्या सफाईचे महत्त्व कळते. पण खूण सापडली म्हणजे तेथे जिवंत, रोग देणारा विषाणू आहे असे लगेच ठरत नाही. नमुना कोठून घेतला, सफाईच्या आधी की नंतर, आणि सापडले ते जिवंत की मेलेले, एवढे विचारल्यावरच निष्कर्ष काढायचा. मुलकोवालच्या बाटलीविषयी हेच प्रश्न वेळीच विचारायला हवे होते.

प्लेग हा केवळ पणजोबांच्या काळचा रोग नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तो सुरतेत आला. रोग्यांना नव्या सिव्हिल इस्पितळात वेगळे ठेवण्यात आले आणि भीतीने लाखो माणसे शहर सोडून निघाली. पांडेसरा, बमरोली, उधना या कापडधंद्याच्या वसाहतींत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. आमच्या बमरोलीत वडीलधारी माणसे त्या दिवसांची गोष्ट अजून सांगतात. गच्च भरलेल्या गाड्या, तोंडाला बांधलेले रुमाल, औषधांच्या दुकानांपुढच्या टेट्रासायक्लिनसाठीच्या रांगा. गावी पोहोचलेल्यांकडेही नातेवाईक बिचकत पाहत. या वेळी हाताशी प्रभावी औषधे होती म्हणून १८९६ ची पुनरावृत्ती झाली नाही. पण भीती मात्र तीच होती, कारण रोग कशातून येतो हे शंभर वर्षांनीही सामान्य माणसाला कोणी नीट समजावून सांगितले नव्हते.

हाफकिन यांच्याकडे परत वळू. दोषमुक्त झाल्यावर ते हिंदुस्थानात आले, पण मुंबईची जागा आता भरलेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले आणि नव्या लसीच्या चाचण्या घेण्यास परवानगी नाकारली गेली. ज्याने स्वतःवर दोनदा प्रयोग केला त्याला प्रयोगाचीच बंदी झाली. ठपका कागदावरून पुसला गेला, माणसांच्या मनातून नाही. वयाची पंचावन्न वर्षे होताच निवृत्त होऊन ते युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचे मन धर्माकडे व आपल्या समाजाच्या शिक्षणाकडे वळले आणि आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयांच्या, कामी लावली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, ते त्यांच्या हयातीतच. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांची लस आज मागे पडली आहे, शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. मग त्यांचे चरित्र आपण का वाचावे? मला वाटते, त्यांनी दोन धडे घालून दिले. पहिला त्यांनी आपण होऊन दिला. इतरांवर जे करायचे ते आधी स्वतःवर करावे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर उघडा ठेवावा. दुसरा धडा त्यांच्यावर ओढवलेल्या प्रसंगाने दिला. एका जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडे दुर्लक्ष झाले आणि एकोणीस माणसे प्राणांस मुकली, त्या दुर्लक्षाचा शोध नीट घेतला गेला नाही आणि विसावा माणूस जिवंतपणी मोडला. स्वच्छतेत निष्काळजीपणा नको आणि न्यायात घाई नको. आपण पुढे डॉक्टर होऊ, हिशेबनीस होऊ की शिक्षक, या दोन्ही गोष्टी आपल्या प्रत्येकाच्या कामाच्या आहेत.